पॉडकास्टचे झेपेल असे वेळापत्रक कसे आखावे

नवा पॉडकास्ट सुरू करताना विषय, नाव, मुखचित्र आणि मायक्रोफोन यांवर आठवडेच्या आठवडे चर्चा होते. मात्र ‘दर आठवड्याला एक भाग’ हा निर्णय बहुधा पहिल्याच बैठकीत एका वाक्यात उरकला जातो. पुढच्या वर्षभरातील मोकळ्या वेळेचा मोठा वाटा या एका वाक्याने आधीच खर्ची पडलेला असतो, आणि तरीही त्याचा हिशेब कोणी मांडलेला नसतो. माझा पहिला कार्यक्रम असाच साप्ताहिक म्हणून सुरू झाला. सात भाग वेळेवर गेले, आठवा चार दिवस उशिरा गेला, नववा तीन आठवड्यांनी गेला आणि दहावा कधीच गेला नाही. त्या दहाव्या भागाचे ध्वनिमुद्रण झालेले होते, एका पाहुण्याने त्यासाठी आपले दोन तास दिले होते, आणि त्याची टोचणी आजही कायम आहे. विषय संपले नव्हते, उत्साहही संपला नव्हता; माझ्याकडे असलेले तास आणि मी दिलेला शब्द यांचा मेळ मुळातच बसत नव्हता.

म्हणून या लेखातील क्रम उलटा आहे. किती दिवसांनी भाग यावा हे आधी ठरवून मग कामाला लागण्याऐवजी, आधी काम मोजावे, मग हाती असलेला वेळ मोजावा, आणि या दोन आकड्यांमधून जे अंतर निघेल ते स्वीकारावे. अंथरूण पाहून पाय पसरायचे, पण त्यासाठी अंथरूण खरोखरच मोजावे लागते.

एका भागाला लागणारे तास मोजणे

कागदावर अंदाज लिहून हे काम होत नाही. एक पूर्ण भाग, शक्य असल्यास दोन, प्रसिद्ध न करण्याच्या तयारीने सुरुवातीपासून शेवटपर्यंत तयार करावेत आणि प्रत्येक टप्प्याला लागलेली वेळ त्याच दिवशी लिहून ठेवावी. टप्पे साधारण असे असतात: विषय ठरवून वाचन करणे आणि मुद्दे किंवा संहिता लिहिणे, पाहुणे असतील तर त्यांच्याशी संपर्क साधून वेळ जुळवणे, यंत्रसामग्रीची मांडणी आणि चाचणी धरून ध्वनिमुद्रण, संपादन, आवाजाची पातळी सारखी करणे, तयार भाग सलग ऐकून दुरुस्त्या करणे, शीर्षक आणि वर्णन लिहिणे, होस्टिंग सेवेवर (म्हणजे ध्वनिफाइल साठवून ऐकण्याच्या ॲपपर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेवर) भाग चढवणे, आणि श्रोत्यांपर्यंत ती बातमी पोहोचवणे. यांपैकी ध्वनिमुद्रण तेवढे सर्वांच्या लक्षात राहते, कारण काम केल्यासारखे तेव्हाच वाटते. बाकीचे टप्पे रात्री उशिरा, तुकड्या-तुकड्यांत होतात आणि म्हणून हिशेबातून निसटतात.

संपादनाच्या बाबतीत एक साधे गणित आधीच करता येते. 40 मिनिटांचे संभाषण कच्च्या स्वरूपात एकदा ऐकायचे, कापताना पुन्हा एकदा ऐकायचे आणि शेवटी तपासणीसाठी तिसऱ्यांदा ऐकायचे, एवढे धरले तरी दोन तास निव्वळ ऐकण्यात जातात. त्यात एकही कात्री लावलेली नसते. त्यामुळे ‘संपादन तासाभरात होईल’ असे म्हणणाऱ्याने एक तर भाग फार छोटा ठरवलेला असतो, किंवा तो न ऐकताच प्रसिद्ध करण्याची त्याची तयारी असते.

मोजताना दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. पहिली नोंद प्रत्यक्ष श्रमाच्या तासांची आणि दुसरी मधे गेलेल्या दिवसांची. पाहुण्यांना संदेश पाठवायला दहा मिनिटे लागतात, पण त्यांचे उत्तर येऊन तारीख ठरेपर्यंत तीन आठवडे जाऊ शकतात. श्रमाचे तास दोन भागांमधले अंतर ठरवतात, तर मधे गेलेले दिवस काम किती आधी सुरू करायचे ते ठरवतात. या दोहोंची गल्लत झाली की, तास पुरेसे असूनही भाग रखडतो आणि तो का रखडला हे कळत नाही.

स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, हे डॅनिएल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी 1979 साली नियोजनातील भ्रम म्हणून मांडले. तशाच प्रकारच्या आधीच्या कामांना किती वेळ लागला होता हे ठाऊक असूनही, नव्या कामाचा अंदाज सगळे सुरळीत होईल असे गृहीत धरूनच केला जातो. यावरचा उपाय म्हणजे स्वतःच्या मागील नोंदींकडे पाहणे, आणि म्हणूनच ते दोन प्रायोगिक भाग वाया जात नाहीत. चांगले झाले तर ते पुढे वापरताही येतात.

हाती असलेला वेळ, आणि त्यातून वजा करायचा वेळ

आता मागील चार आठवडे डोळ्यांपुढे आणावेत. पुढचे चार आठवडे नव्हे, कारण पुढचे आठवडे नेहमीच मोकळे दिसतात. नोकरी, घर, प्रवास, आजारपण हे सारे झाल्यावर या कामासाठी खरोखर किती तास मिळाले असते ते प्रत्येक आठवड्यापुढे लिहावे. समजा, ते अनुक्रमे 8, 6, 3 आणि 7 निघाले. एकूण 24 तास झाले. यातील चौथा हिस्सा बाजूला काढावा: बिघडलेले ध्वनिमुद्रण पुन्हा करणे, पाहुण्यांनी ऐनवेळी तारीख बदलणे, संगणक अडून बसणे अशा गोष्टींसाठी तो लागतोच. उरतात 18 तास.

दुसऱ्या बाजूला, प्रायोगिक भागाच्या नोंदी अशा निघाल्या असे मानू: वाचन आणि मुद्दे अडीच तास, पत्रव्यवहार एक तास, ध्वनिमुद्रण दीड तास, संपादन चार तास, अंतिम ऐकणे आणि दुरुस्त्या एक तास, वर्णन, शीर्षक आणि चढवणे एक तास. एकूण 11 तास. चार आठवड्यांत दोन भाग काढायचे तर 22 तास हवेत आणि हाती 18 आहेत. वजावट न करता पाहिले असते तर 24 मध्ये 22 सहज बसतात असे वाटले असते आणि पाक्षिक कार्यक्रम आत्मविश्वासाने जाहीर झाला असता. कोलमडणारी वेळापत्रके नेमकी या चार-सहा तासांच्या फरकात कोलमडतात.

येथे दोनच प्रामाणिक मार्ग उरतात. एक तर दर तीन आठवड्यांनी भाग काढावा, किंवा भागामागचे काम 11 तासांवरून 9 तासांवर आणावे, म्हणजे पाक्षिक भाग 18 तासांत बसेल. तिसरा मार्ग, म्हणजे ‘झोप थोडी कमी करू’, हा पहिल्या महिन्यात यशस्वी होतो आणि म्हणूनच घातक ठरतो.

काम कमी करणे

भाग निम्म्या लांबीचा केला म्हणजे काम निम्मे होईल, ही समजूत चुकीची आहे. पाहुण्यांशी पत्रव्यवहार, मांडणी, वर्णन आणि चढवणे यांना 15 मिनिटांच्या भागासाठी जेवढा वेळ लागतो तेवढाच 50 मिनिटांच्या भागासाठीही लागतो. शिवाय पूर्ण संहिता लिहून केलेला 15 मिनिटांचा भाग हा मोकळ्या गप्पांच्या तासाभराच्या भागापेक्षा अधिक श्रमाचा असू शकतो. लांबी कमी केल्याने प्रामुख्याने संपादन आणि ऐकणे यांचे तास वाचतात; तेव्हा कात्री कुठे लावायची हे नोंदी पाहूनच ठरवावे.

माझ्या अनुभवात संपादनाचे तास सर्वाधिक वाचतात ते संपादनाच्या आधीच. बोलताना चूक झाली की क्षणभर थांबून एक टाळी वाजवावी आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणावे; ध्वनीच्या आलेखात त्या टाळीचे उंच टोक लगेच दिसते आणि चुका शोधण्यासाठी सगळे पुन्हा ऐकावे लागत नाही. पाहुण्यांशी आदल्या दिवशी दहा मिनिटे बोलून विषयाची चौकट स्पष्ट केली, तर मुख्य संभाषणातील भरकटलेले तुकडे बरेच कमी होतात. सुरुवातीची आणि शेवटची धून, ओळख आणि आवाजाच्या प्रक्रियेची मांडणी एकदाच तयार करून तिचा साचा जपून ठेवावा. वर्णनाचाही साचा असावा. प्रत्येक ‘अं’ आणि प्रत्येक श्वास कापण्याचा हट्ट सोडावा. माणूस बोलताना अडखळतो हे श्रोत्याला मान्य असते, मात्र नको तिथे कापलेला श्वास कानाला खटकतो.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नये, आणि ती म्हणजे अंतिम भाग सलग ऐकणे. घाईत हीच पायरी प्रथम गळते, आणि दोनदा राहिलेले वाक्य किंवा पाहुण्यांनी वगळायला सांगितलेला उल्लेख तेव्हाच बाहेर जातो.

अंतर निवडणे

साप्ताहिक म्हणजे वर्षाला 52 भाग, पाक्षिक म्हणजे 26, दर चार आठवड्यांनी म्हणजे 13 आणि दरमहा म्हणजे 12. नऊ तासांच्या हिशेबाने साप्ताहिक कार्यक्रमाला वर्षात 468 तास लागतात, म्हणजे आठ तासांचे साडेअठ्ठावन्न दिवस. पाक्षिकाला याच्या निम्मे, 234 तास. हे आकडे कागदावर लिहून, जे कोणी या कामात सहभागी आहेत त्यांच्यासमोर ठेवावेत; पुष्कळदा निर्णय तिथेच होतो.

ताज्या घडामोडींवर बोलणाऱ्या कार्यक्रमाला साप्ताहिक अंतर जवळजवळ अटळ असते, कारण पंधरा दिवसांत विषय शिळा होतो. असा कार्यक्रम एकट्याने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. इतिहास, विज्ञान, कला, मुलाखती, कथा अशा विषयांना ती सक्ती नसते, आणि एकट्याने किंवा दोघांनी नोकरी सांभाळून करायच्या कार्यक्रमाला मी पाक्षिक अंतर सुचवतो. मासिक अंतरही वाईट नाही, पण तेव्हा प्रत्येक भाग वाट पाहण्याजोगा असावा लागतो. दर तीन आठवड्यांनी भाग काढणे हिशेबाला सोयीचे असले तरी श्रोत्याच्या लक्षात राहायला अवघड असते. तसे करायचे असल्यास प्रत्येक भागाच्या शेवटी पुढची तारीख सांगावी.

साप्ताहिक गती व्यावसायिक चमूलाही जड जाऊ शकते. 2014 मध्ये आलेल्या ‘सीरियल’ या अमेरिकी पॉडकास्टने पॉडकास्ट हे माध्यम कितीतरी नव्या श्रोत्यांपर्यंत नेले. त्याचे दुसरे पर्व डिसेंबर 2015 मध्ये साप्ताहिक म्हणून सुरू झाले, आणि जानेवारी 2016 मध्येच निर्मात्यांनी यापुढे भाग दर दोन आठवड्यांनी येतील असे जाहीर केले. पुढच्या भागांसाठी अधिक वार्तांकन करायचे असल्याने त्यांना वेळ हवा होता, आणि त्यांनी तो गुपचूप उशीर करत न राहता श्रोत्यांना सांगून घेतला. अंतर बदलणे यात कमीपणा नाही; न सांगता बदलणे मात्र श्रोत्याला गृहीत धरणे आहे.

अखंड कार्यक्रमाऐवजी पर्वांची रचना हा अनेकांसाठी सर्वात निरोगी पर्याय असतो. आठ ते दहा भागांचे एक पर्व, मग दोन-तीन महिन्यांचा विराम, मग पुढचे पर्व. यात शेवट आधीच ठरलेला असल्याने थकवा मर्यादित राहतो, विरामात वाचन आणि पुढच्या पर्वाचे ध्वनिमुद्रण होते, आणि श्रोत्यालाही पूर्ण झालेली एक मालिका हाती मिळते. पर्वाच्या शेवटच्या भागात ते संपल्याचे सांगावे आणि पुढचे पर्व सुरू होण्यापूर्वी एक-दोन मिनिटांची झलक टाकावी. ॲपल पॉडकास्ट्स या ॲपसाठी फीडमध्ये, म्हणजे होस्टिंग सेवा ॲपना पुरवते त्या भागांच्या यादीत, पर्वाचा आणि भागाचा क्रमांक, तसेच भाग पूर्ण आहे, झलक आहे की अतिरिक्त आहे, हे नोंदवण्याची सोय असते. बहुतेक होस्टिंग सेवांच्या अर्जात त्यासाठी रकाने असतात. एकापुढे एक असेच ऐकायचे भाग असतील, तर कार्यक्रमाचा प्रकार क्रमवार असा निवडावा, म्हणजे नव्या श्रोत्यापुढे ताज्या भागाऐवजी पहिला भाग आधी येतो.

गंगाजळी

तयार करून हाताशी ठेवलेल्या, अद्याप प्रसिद्ध न केलेल्या भागांना मी गंगाजळी म्हणतो. अडचणीच्या काळात खाडा पडू नये म्हणून ती असते. तिच्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे: सुरुवातीला भरपूर भाग साठवले की साप्ताहिक कार्यक्रम निभावतो. समजा, सहा भाग तयार ठेवून साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला, आणि नवा भाग तयार व्हायला दोन आठवडे लागतात. दर दोन आठवड्यांत दोन भाग खर्च होतात आणि एक जमा होतो. म्हणजे साठा दर पंधरवड्याला एकाने घटतो आणि बाराव्या आठवड्याअखेर संपतो. सहा भागांच्या साठ्याने मूळ तूट भरली नाही, ती तीन महिने झाकून ठेवली. आठवड्या-आठवड्यातला चढउतार गंगाजळी सोसू शकते, पण उत्पन्नापेक्षा खर्चच कायम जास्त असेल तर तिचा इलाज चालत नाही.

गंगाजळी भागांत न मोजता आठवड्यांत मोजावी. महिनाभराचे संरक्षण पुरेसे ठरते: साप्ताहिकासाठी चार भाग, पाक्षिकासाठी दोन. पाक्षिक कार्यक्रमाचा प्रारंभ दोन भाग एकदम प्रसिद्ध करून करायचा असेल, तर आरंभापूर्वी चार भाग तयार हवेत. नऊ तासांच्या हिशेबाने हे 36 तास होतात, आणि चार आठवड्यांत 18 तास मिळत असतील तर त्याला आठ आठवडे लागतात. हे आठ आठवडे संपूर्ण योजनेची खरी परीक्षा असतात. त्या मुदतीत चार भाग झाले नाहीत, तर हिशेबातला एखादा आकडा चुकीचा आहे, आणि तो जाहीर घोषणा करण्याआधी कळला हे चांगलेच झाले. म्हणून प्रारंभाची तारीख चौथा भाग पूर्ण होईपर्यंत कोणालाही सांगू नये. नव्याचे नऊ दिवस असतात. ते नऊ दिवस साठा करण्यात घालवावेत.

गंगाजळीतून भाग काढला की तो परत भरण्याची मुदतही ठरवून टाकावी. पाक्षिक कार्यक्रमात साठा एकावर आला तर पुढचा भाग साधा आणि कमी श्रमाचा करावा, शून्यावर आला तर नवी मोठी मुलाखत हाती घेऊ नये. साठ्यात कोणत्याही ऋतूत, कोणत्याही महिन्यात चालेल असा किमान एक भाग कायम असावा. त्यात ‘मागच्या भागात आपण ऐकले’, ‘गेल्या आठवड्यात’ अशी वाक्ये येऊ देऊ नयेत, नाहीतर त्याची जागा बांधली जाते आणि ऐन गरजेला तो उपयोगी पडत नाही.

तारखांची उलटी मोजणी

आता प्रत्यक्ष वेळापत्रक लिहावे, आणि ते प्रसिद्धीच्या दिवसापासून मागे मागे जात लिहावे. भाग गुरुवारी सकाळी यायचा असेल तर तो मंगळवारी रात्रीपर्यंत होस्टिंग सेवेवर चढलेला आणि वेळ लावून ठेवलेला असावा. मधला बुधवार रिकामा ठेवायचा असतो, कारण चढवताना निघणारी चूक दुरुस्त करायला तो एकच दिवस असतो. सोमवारी वर्णन आणि शीर्षक, आधीच्या रविवारी अंतिम ऐकणे, त्याच्या आदल्या आठवड्यात संपादन, प्रसिद्धीच्या तीन आठवडे आधी ध्वनिमुद्रण आणि सहा आठवडे आधी पाहुण्यांना निमंत्रण. म्हणजेच कोणत्याही दिवशी एक भाग संपादनात, एक ध्वनिमुद्रणाच्या तयारीत आणि एक-दोन निमंत्रणाच्या टप्प्यावर असतात. हे डोक्यात राहत नाही, राहू नये.

त्यासाठी एक साधा तक्ता पुरतो. एका ओळीत एक भाग. रकान्यांत भागाचे तात्पुरते नाव, पाहुणे, ध्वनिमुद्रणाची तारीख, संपादन पूर्ण करण्याची तारीख, चढवण्याची तारीख, प्रसिद्धीची तारीख आणि सध्याची स्थिती. एकाहून अधिक माणसे काम करत असतील तर प्रत्येक टप्प्यापुढे एकाच व्यक्तीचे नाव असावे. ‘आपण दोघे मिळून संपादन करू’ असे लिहिलेले संपादन कोणीच करत नाही, हे मी एकाहून अधिक चमूंत पाहिले आहे. वर्षभराच्या दिनदर्शिकेवर परीक्षा, सणवार, कार्यालयातील वर्षअखेरीचे काम, ठरलेले प्रवास आधीच खुणावून ठेवावेत आणि त्या काळात प्रसिद्धी असली तरी निर्मिती ठेवू नये.

एकाच बैठकीत दोन भागांचे ध्वनिमुद्रण केल्यास मांडणीचा आणि चाचणीचा वेळ वाचतो, म्हणून ते जरूर करावे. पण दोनच. तिसऱ्या भागापर्यंत आवाज थकतो, प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात, आणि श्रोत्याला कारण कळले नाही तरी भाग निस्तेज असल्याचे जाणवते. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. एकदा मी सलग सुटीत सहा मुलाखती मुद्रित केल्या आणि काम संपल्याच्या समाधानात राहिलो. प्रत्यक्षात 24 तासांचे संपादन समोर उभे होते. शेवटच्या मुलाखतीची पाळी येईपर्यंत चार महिने गेले, पाहुण्यांचा प्रकल्प तोवर बदललेला होता आणि त्यांच्याशी पुन्हा बोलून अर्धा भाग नव्याने करावा लागला. ध्वनिमुद्रण संपादनाच्या दोन भागांहून अधिक पुढे जाऊ देऊ नये, ही मर्यादा मी तेव्हापासून पाळतो.

पाहुण्यांवर पूर्णपणे अवलंबून असलेला कार्यक्रम वेळापत्रकाला सर्वात कठीण असतो. दर तीन-चार भागांमागे एक भाग निवेदकाचा एकट्याचा ठेवावा: श्रोत्यांच्या प्रश्नांची उत्तरे, एखाद्या संकल्पनेचे स्पष्टीकरण किंवा जुन्या मुलाखतीत राहून गेलेला मुद्दा. पाहुण्यांनी तारीख बदलली तर हा भाग पुढे ओढता येतो आणि कोणालाच संकोच वाटत नाही. पाहुण्यांना निमंत्रण देतानाच प्रसिद्धीची नेमकी तारीख न सांगता अंदाजे महिना सांगावा.

दिवस, वेळ आणि फीड

कोणत्या वारी भाग टाकावा यावर फार चर्चा होते. मला ती गरजेपेक्षा जास्त वाटते. वार कोणताही चालेल, तो बदलू नये, आणि त्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला तासभर मोकळा मिळत असावा.

वेळेबाबत मात्र यंत्रणा समजून घ्यावी. भाग होस्टिंग सेवेवर असतो, तिथून आरएसएस फीड तयार होते, आणि ऐकण्याची ॲप ते फीड ठराविक अंतराने तपासतात. त्यामुळे सकाळी सहाची वेळ लावली तरी सगळ्या ॲपमध्ये भाग सहालाच दिसेल असे नाही. काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत फरक पडतो. श्रोत्यांना ‘गुरुवारी’ असे सांगावे, ‘गुरुवारी सहा वाजता’ असे नव्हे. होस्टिंगच्या मांडणीत कोणता कालविभाग निवडलेला आहे हे पहिल्याच दिवशी तपासावे. तो चुकीचा असेल तर भाग काही तास मागे-पुढे जातो, आणि तो परदेशी कालविभाग असेल तर तिथली घड्याळे उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलली की आणखी एक तास सरकतो.

प्रसिद्ध झालेल्या भागात चूक आढळल्यास तो भाग काढून नव्याने चढवू नये; त्याच नोंदीतील ध्वनिफाइल बदलावी. फीडमध्ये प्रत्येक भागाला एक कायमची ओळखखूण असते. नवी नोंद केली की ती बदलते आणि ॲपला तो दुसराच भाग वाटून श्रोत्याकडे दोन प्रती जातात.

कार्यक्रम प्रथमच ॲपल पॉडकास्ट्ससारख्या निर्देशिकांमध्ये नोंदवताना मंजुरीला काही दिवस लागू शकतात, म्हणून झलक किमान दोन आठवडे आधी टाकून नोंदणी पूर्ण करावी. ॲपल पॉडकास्ट्सला चौरस मुखचित्र लागते, बाजू किमान 1400 आणि कमाल 3000 पिक्सेल. आवाजाची एकूण पातळी उणे 16 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) आसपास, एक डेसिबल इकडेतिकडे, आणि कमाल टोक उणे 1 डेसिबलच्या आत असावे अशी तिची शिफारस आहे. हे आकडे साच्यात एकदा घालून ठेवले की दर भागाला त्यांवर वेळ जात नाही.

खाडा पडला तर

गंगाजळी असूनही कधीतरी खाडा पडेल. भाग एक-दोन दिवसांनी येणार असेल तर काही न बोलता तो आला की टाकावा आणि भागाच्या सुरुवातीला लांबलचक माफी मागू नये. दोन वर्षांनी तो भाग ऐकणाऱ्याला त्या माफीचा काही संदर्भ नसतो. चुकलेला भाग भरून काढण्यासाठी पुढच्या आठवड्यात दोन भाग टाकण्याचा मोहही टाळावा, कारण त्यामुळे साठा आणखी एकाने घटतो. वेळापत्रक जिथे आहे तिथून पुढे चालू ठेवावे.

विराम महिन्याहून मोठा असेल तर एक मिनिटाचा अतिरिक्त भाग टाकून तसे सांगावे. कारण सांगायचेच असेल तर एका वाक्यात सांगावे, आणि परतण्याची तारीख तेव्हाच द्यावी जेव्हा त्या तारखेचा भाग तयार असेल. परतल्यावर हा अतिरिक्त भाग काढून टाकायला हरकत नाही.

आढावा आणि बदल

आठ भाग झाल्यावर, किंवा पर्व संपल्यावर, तक्ता पुन्हा समोर घ्यावा. प्रत्येक भागाला प्रत्यक्ष किती तास लागले, कोणता टप्पा वारंवार उशिरा झाला आणि गंगाजळी वाढली की घटली, या तीन प्रश्नांची उत्तरे तिथे असतात. डाउनलोडचे आकडे पाहायचेच असतील तर भागांचे वय सारखे धरावे: प्रत्येक भागाचा सातव्या दिवसाचा आकडा सातव्या दिवसाशी आणि तिसाव्या दिवसाचा तिसाव्याशी. सहा महिने जुन्या भागाची कालच्या भागाशी तुलना केली तर कार्यक्रम घसरतो आहे असे उगाचच वाटते आणि घाबरून भागांची संख्या वाढवण्याचे निर्णय होतात.

अंतर वाढवायचे असेल, म्हणजे साप्ताहिकावरून पाक्षिकावर जायचे असेल, तर गंगाजळी संपण्याची वाट पाहू नये. दोन भाग शिल्लक असतानाच घोषणा करावी, कार्यक्रमाच्या वर्णनातील ‘दर आठवड्याला’ हे शब्द त्याच दिवशी बदलावेत आणि बदलानंतरचा पहिला भाग नव्या तारखेला चुकवू नये. अंतर कमी करायचे असेल, तर सलग तीन महिने गंगाजळी ठरलेल्या पातळीहून वर राहिली आहे का ते पाहावे. राहिली असेल, तर थेट साप्ताहिक होण्यापूर्वी आठ भागांचे एक साप्ताहिक पर्व करून पाहावे, त्याचे किमान सहा भाग आधी तयार ठेवावेत, आणि तासांची नोंद पहिल्या प्रायोगिक भागाइतक्याच बारकाईने पुन्हा एकदा करावी.